भूमीचे देणे : जस्टस फॉन लीबिग यांचे चरित्र

सुगी संपली, खळे मोडले, धान्य घरात आले, म्हणजे खेड्यापाड्यांतील मंडळी पारावर बसून एक गोष्ट हटकून बोलतात. वडिलांच्या वेळी या शेतात जेवढे पिकत असे तेवढे आता पिकत नाही; जमीन थकली, तिच्यातील कस गेला. हे बोलणे आम्ही पुष्कळ गावी ऐकले आहे. परंतु कस म्हणजे काय, तो कोठून येतो व कोठे जातो, आणि गेलेला कस परत आणता येतो किंवा नाही, असे विचारले म्हणजे बहुतेक जण गप्प बसतात. या प्रश्नाचा उलगडा करण्यात ज्यांनी आपले अर्धे आयुष्य वेचले, त्यात मोठे यश मिळविले, मोठी चूकही केली, आणि उतारवयात ती चूक साऱ्या जगासमोर कबूल केली, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव जस्टस फॉन लीबिग.

जर्मनीतील डार्मस्टाट या शहरी ता. १२ मे १८०३ रोजी जस्टसचा जन्म झाला. त्याचा बाप योहान गेओर्ग लीबिग हा रंग, रोगण व तत्सम जिन्नस विकणारा साधारण स्थितीतला दुकानदार होता. दुकानातील पुष्कळसा माल तो घरीच तयार करी. बाप भट्टीजवळ उभा राहून काही उकळीत आहे, काही गाळीत आहे, आणि मुलगा शेजारी उभा राहून टक लावून पाहत आहे, असा त्या घरचा रोजचा प्रकार असे. गावच्या जत्रेत एक फिरता विक्रेता मोठा आवाज करणारे दारूचे खेळणे विकावयास आला, तेव्हा तो ती दारू कशी बनवितो हे जस्टसने नुसते पाहून ओळखले आणि घरी येऊन तशीच बनविली.

शाळेत मात्र या मुलाचे काही चालेना. त्या काळच्या शाळांत पाठांतरावर सारा भर असे आणि जस्टसचे पाठांतर कच्चे. तू पुढे कोण होणार, असे एकदा गुरुजींनी विचारले असता, रसायनशास्त्री होणार, असे त्याने उत्तर दिले, तेव्हा गुरुजींसह सर्व वर्ग खो खो हसला. रसायनशास्त्र हा पोट भरण्याचा मार्ग आहे असे त्या वेळी कोणाच्या मनातही येत नसे. शाळेत हसू झाले तरी मुलाने धीर सोडला नाही. डार्मस्टाट येथील राजवाड्याच्या ग्रंथालयातून रसायनविषयक पुस्तके आणून, ज्या क्रमाने ती फळीवर मांडलेली असत त्याच क्रमाने ती त्याने वाचून काढली. पुढे चौदा पंधरा वर्षांचा असता त्यास हेपेनहाइम येथील एका औषधे बनविणाऱ्याकडे उमेदवारीस ठेविले. परंतु तेथे तो फार दिवस टिकला नाही. माळ्यावर त्याने केलेल्या एका प्रयोगाचा स्फोट झाला म्हणून त्यास घरी पाठविले, अशी आख्यायिका आहे.

त्याच्या बाळपणातील आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८१५ साली जावा बेटाच्या पूर्वेस तांबोरा नावाचा ज्वालामुखी पर्वत फुटला. त्याची राख व धूर आकाशात इतके पसरले की १८१६ साली युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. पाऊस थांबेना, पिके पिकेनात, धान्य महागले आणि जर्मनीतील पुष्कळ मुलुखांत लोकांची उपासमार झाली. तेव्हा जस्टस तेरा वर्षांचा होता. पोटभर भाकरीचे मोल काय, हे त्या पिढीतील मुलांस कोणी शिकवावे लागले नाही.

१८२० साली बापाने कसेबसे करून त्यास बॉन येथील विद्यालयात कास्टनर नावाच्या अध्यापकांकडे पाठविले, आणि गुरूच्या मागोमाग तो एर्लांगेन येथे गेला. तेथे विद्यार्थ्यांच्या दंग्यात सापडून त्यास १८२२ साली घरी पळून यावे लागले. परंतु हेसचे राजे लुडविग यांनी त्यास विद्यावेतन देऊन पॅरिस येथे पाठविले. पॅरिस येथे गे-ल्युसॅक या थोर रसायनशास्त्र्याच्या हाताखाली त्यास शिकावयास मिळाले. कोणताही पदार्थ घेऊन त्यात काय काय व किती किती आहे हे तोलून मापून ठरविण्याची विद्या त्याने येथे आत्मसात केली. प्रसिद्ध प्रवासी व शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांची त्याच्यावर मर्जी बसली, आणि त्यांच्या शिफारशीने १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, गीसेन येथील लहानशा विद्यापीठात त्याची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. शाळेत ज्याचे हसू झाले होते, तो आता गुरुजींच्या जागी बसला.

येथून पुढे आम्ही त्यांचा उल्लेख लीबिग असाच करू. गीसेन येथे जुन्या लष्करी बरॅकीतील पहारेकऱ्यांचे घर त्यांस प्रयोगशाळेसाठी मिळाले. जागा अपुरी, पैसा थोडा. पुष्कळ साहित्य त्यांस पदरच्या खर्चाने आणावे लागे. परंतु त्यांची शिकविण्याची तऱ्हा नवीन होती. नुसती व्याख्याने ऐकून विद्या येत नाही, विद्यार्थ्याने आपल्या हाताने काम केले पाहिजे, असा त्यांचा नियम होता. १८३१ साली त्यांनी काचेच्या पाच फुग्यांचे एक लहानसे साधन तयार केले. त्यामुळे वनस्पती, मांस, साखर इत्यादी पदार्थांत कार्बन किती आहे हे ठरविणे इतके सोपे झाले की पूर्वी निष्णात माणसास ज्या कामाला फार दिवस लागत, ते नवशिके विद्यार्थीही करू लागले. देशोदेशींचे शेकडो तरुण गीसेनला येऊ लागले. पुढे नावारूपास आलेले होफमान व केकुले हे याच शाळेतले. १८२६ साली हेन्रिएटे मोल्डेनहाउअर या बाईंशी त्यांचा विवाह झाला, व त्यांस पाच अपत्ये झाली.

आता ज्या विषयामुळे शेतकऱ्यास लीबिग यांची आठवण ठेविली पाहिजे, त्याकडे वळू. झाड काय खाऊन वाढते? त्या काळचे पुष्कळ विद्वान असे समजत की जमिनीतील कुजकट काळा पदार्थ, ज्यास ह्यूमस म्हणतात, तोच झाडाचे अन्न होय. जर्मनीतील नामांकित शेतीशास्त्री थाएर यांचेही मत तसेच होते. लीबिग यांनी हिशेब मांडून दाखविले की जंगलात दरवर्षी जेवढे लाकूड वाढते, तेवढा कार्बन जमिनीतील कुजकट पदार्थातून येणे शक्य नाही. तो हवेतून येतो. आणि झाड जाळल्यावर मागे जी राख उरते, त्या राखेतील पदार्थ मात्र जमिनीतून आलेले असतात. पालाश, स्फुरद, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह हे ते पदार्थ होत. म्हणून शेतातून पीक काढून नेणे म्हणजे शेताची राख गाडीत घालून नेणे होय. जितके नेले तितके परत केले नाही तर आज ना उद्या भांडार रिते होणार. हे सर्व त्यांनी १८४० साली एका ग्रंथात मांडले. त्याच वर्षी लायन प्लेफेअर या त्यांच्या शिष्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि थोड्याच वर्षांत हा ग्रंथ युरोपभर वाचला जाऊ लागला.

लीबिग यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. झाडास लागणाऱ्या द्रव्यांपैकी जे सर्वांत अपुरे असेल, त्याच्या मानाने पीक येते. इतर द्रव्ये कितीही भरपूर असली तरी त्यांचा उपयोग होत नाही. आपल्या शेताच्या बांधावरून हे सहज समजेल. बांध तीन बाजूंनी पुरुषभर उंच घातला आणि एका ठिकाणी गुडघाभरच ठेविला, तर शेतात पाणी गुडघाभरच राहील. उंच बाजूवर आणखी माती टाकून काही लाभ नाही; जेथे बांध खचला आहे तेथेच माती टाकली पाहिजे. खरे पाहता हा नियम कार्ल श्प्रेंगेल या दुसऱ्या जर्मन शेतीशास्त्र्याने लीबिग यांच्या आधी, १८२६ नंतरच्या काही वर्षांत, लिहून ठेविला होता. लीबिग यांनी त्यास द्यावे तेवढे श्रेय दिले नाही. चरित्र लिहिताना गुणांबरोबर उणेही सांगावे, म्हणून आम्ही हे नमूद करितो.

लीबिग यांचा स्वभाव तापट होता. ज्याचे मत आपल्याशी जुळत नाही त्याच्यावर ते लेखणीने तुटून पडत. त्यांचे जिवलग स्नेही व्होलर हे शांत वृत्तीचे होते. हे कलह सोडावे म्हणून ते त्यांस वारंवार विनवीत. परंतु कीर्तीच्या भरात मित्राचा शब्द कानी शिरत नाही. १८४५ साली त्यांस राजाकडून सरदारकीचा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी त्यांच्या हातून ती मोठी चूक झाली.

ग्रंथातील तत्त्वावरून आपण स्वतःच खत तयार करावे असे त्यांनी मनात घेतले. गव्हास अमुक, सलगमास अमुक, असे त्या त्या पिकाच्या राखेवरून हिशेब करून त्यांनी खते ठरविली, व इंग्लंडात ती कारखान्यात तयार होऊन विकावयास निघाली. परंतु त्यांस एक भीती वाटत होती. पालाश व इतर क्षार पाण्यात विरघळणारे. ते तसेच शेतात टाकले तर पहिल्याच पावसात धुपून खोल जातील. म्हणून त्यांनी ते चुन्याबरोबर भट्टीत वितळवून असे घट्ट केले की ते पाण्यात सहज विरघळू नयेत. शिवाय नत्र तर हवेतून व पावसाच्या पाण्यातून अमोनियाच्या रूपाने पुरेसे मिळते, असे धरून त्या खतात नत्राची भर फारशी ठेविली नाही. शेतकऱ्यांनी थोर शास्त्रज्ञाच्या नावावर विश्वास ठेवून पैसे मोजले, खत टाकले, आणि वाट पाहिली. पीक वाढले नाही. खत शेतात काचेच्या खड्यांप्रमाणे पडून राहिले. लीबिग यांच्या नावाला बट्टा लागला आणि पुस्तकी विद्येस शेतकरी हसू लागले.

इंग्लंडातच रॉदॅमस्टेड या गावी जॉन बेनेट लॉज नावाचे जमीनदार व त्यांचे सहकारी जोसेफ हेन्री गिल्बर्ट हे शेतात प्रयोग करीत होते. गिल्बर्ट हे गीसेन येथे लीबिग यांच्याच हाताखाली शिकलेले. १८४३ साली त्यांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. शेताचे पट्टे पाडून एकास खत नाही, एकास शेणखत, एकास नुसते राखेतील क्षार, एकास नत्राचे क्षार, अशी योजना केली. हा प्रयोग आजतागायत चालू आहे. थोड्याच वर्षांत असे दिसून आले की नुसत्या राखेतील क्षारांनी गहू फारसा वाढत नाही, नत्र दिले म्हणजे वाढतो. लीबिग यांनी हे मानले नाही. गुरू व शिष्य यांच्यात वर्षानुवर्षे कडू वाद चालला.

मग खत का फसले? याचे अर्धे उत्तर नत्रात होते. उरलेले अर्धे खुद्द मातीत होते. १८५० साली इंग्लंडात टॉम्सन नावाचे एक शेतकरी गृहस्थ व वे नावाचे रसायनशास्त्री यांनी मातीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. अमोनियाचे पाणी मातीतून गाळले असता खाली जे पाणी येते त्यात अमोनिया जवळजवळ राहत नाही. माती तो धरून ठेविते आणि त्याच्या बदल्यात चुना सोडते. पालाशाचेही तसेच. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण व कुजलेला पदार्थ यांच्या अंगी हा गुण आहे. एखादी शहाणी घरधनीण जसे धान्य उघड्यावर न टाकता कणगीत ठेविते आणि लागेल तसे काढिते, तशी माती द्रव्ये धरून ठेविते आणि मुळे मागतील तशी देते. सर्वच द्रव्ये माती अशी धरते असे मात्र नाही. नत्राचे नायट्रेट हे रूप पावसाने खरोखरच धुपून जाते. परंतु ज्या पालाशासाठी लीबिग भीत होते, तो धुपण्याचे भय चांगल्या मातीत फारसे नव्हते. न विरघळणारे खत करून त्यांनी झाडाच्या तोंडचा घास कुलपात घातला होता.

लीबिग यांनी गीसेन शहराबाहेर निकस रेताड जमीन घेऊन तेथे काही वर्षे आपल्या खतांचे प्रयोग केले होते. खताचा गुण पहिल्या वर्षी न येता हळूहळू पुढच्या वर्षांत येतो, असे त्यांस दिसले होते. पण कारण उमगले नव्हते. १८५२ साली बव्हेरियाच्या राजाच्या बोलावण्यावरून ते म्युनिक येथे राहावयास गेले. तेथे गेल्यावर हा विचार त्यांच्या मनात घोळत राहिला, आणि त्यांनी स्वतः मातीचे प्रयोग करून खात्री करून घेतली.

१८६२ साली त्यांच्या ग्रंथाची सातवी आवृत्ती निघाली. तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. युरोपात त्यांच्याएवढी कीर्ती थोड्याच शास्त्रज्ञांस लाभली होती. गुपचूप मजकूर बदलून जुनी चूक झाकणे त्यांस सहज शक्य होते. पण त्यांनी तसे केले नाही. जमिनीतील कस पावसापासून राखण्याची योजना निर्माणकर्त्याने आधीच करून ठेविली असता, ती नाही असे समजून आपण ती पुरी करावयास निघालो, हा आपला त्याच्याविरुद्ध अपराध झाला आणि त्याचे फळ आपणांस मिळाले, अशा आशयाची कबुली त्यांनी छापून प्रसिद्ध केली. नत्राविषयी लॉज व गिल्बर्ट यांचे म्हणणे त्यांनी मोकळ्या मनाने कधीच मान्य केले नाही, हेही खरे. मनुष्याचा अभिमान एका दिवसात सारा गळत नाही. तथापि तापट व मानी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी हजारो वाचकांपुढे देवाचे नाव घेऊन आपली चूक सांगावी, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व शोधांइतकी मोलाची वाटते.

जमिनीत द्रव्य असणे निराळे आणि ते झाडास मिळणे निराळे, हा धडा त्या चुकीने शिकविला. याचे एक उदाहरण आमच्या वाचकांस परिचयाच्या ठिकाणचे देतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात डुकरांच्या शेंगांचा उल्लेख आहे. त्या शेंगा कॅरोब नावाच्या झाडाच्या असाव्यात असे पुष्कळ पंडित मानतात. हे झाड पॅलेस्टाईन, सायप्रस, स्पेन वगैरे भूमध्य समुद्राकाठच्या देशांत चुनखडीच्या खडकाळ टेकड्यांवर वाढते. पाणी साचणारी जमीन त्यास मानवत नाही. उथळ, निकस, कोरडी जमीन मात्र ते सोसते. आता अशा चुनखडीच्या जमिनीत स्फुरद मुळीच नसतो असे नाही. परंतु तो चुन्याशी जखडलेला असतो. लोह व जस्त हेही तेथे विरघळत नाहीत, त्यामुळे कोवळी पाने शिरांच्या मधोमध पिवळी पडतात. शिवाय हे झाड शेंगांचे असूनही तूर हरभऱ्याप्रमाणे त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी सहसा आढळत नाहीत. तेव्हा ते जगते कसे? त्याची मुळे खडकाच्या भेगांतून फार खोल जातात, आणि मुळांशी राहणारी एक प्रकारची सूक्ष्म बुरशी दूरच्या मातीतून स्फुरद आणून देते. बागेत चांगले उत्पन्न हवे असेल तर तेथील शेतकऱ्यासही त्यास खत घालावे लागते. आणि कोणते खत घालावे हे मातीत काय आहे यापेक्षा मातीतून काय सुटते यावर ठरते.

आपल्या इकडेही हेच आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुना व पालाश बहुधा भरपूर असतो. पण कुजलेला पदार्थ, नत्र व मिळण्याजोगा स्फुरद हे कमी असतात. कोकणातील तांबड्या जांभ्याच्या जमिनीत उलट आंबटपणा असतो आणि तेथे स्फुरद लोहाशी जखडला जातो. जमिनीचा हा आंबट-खारटपणा ज्या मापाने मोजतात त्यास सामू म्हणतात. सामू साधारण साडेसहा ते साडेसात असला म्हणजे बहुतेक द्रव्ये झाडास सुखाने मिळतात. चोपण जमिनीत तो पुष्कळ वर जातो, आणि तेथे माती घट्ट बसून मुळांस पाणी व हवाही मिळेनाशी होते. म्हणून शेजाऱ्याने टाकले तेच खत आपणही टाकावे, हा शहाणपणा नव्हे.

उतारवयात लीबिग यांनी एका गोष्टीचा फार ध्यास घेतला. जमिनीतून काढावयाचे आणि परत काहीच द्यावयाचे नाही, अशा शेतीस ते सरळ लूट म्हणत. इंग्लंड देश आपल्या शेतांसाठी परदेशची हाडे, अगदी जुन्या रणांगणांवरची हाडे सुद्धा, नेतो आणि आपल्या शहरांचा सर्व मैला नद्यांतून समुद्रात सोडून देतो, यावर त्यांनी कडक टीका केली. मैला शेतास परत देणाऱ्या जपानी व चिनी शेतकऱ्यांचे उदाहरण ते युरोपातील विद्वानांपुढे ठेवीत. सोनखताची लाज वाटण्याचे कारण नाही, लाज वाटावयाची असेल तर ती नासाडीची वाटावी, असा त्यांच्या शिकवणीचा भावार्थ होता.

या शिकवणीचा आपल्या देशाशीही संबंध पोहोचतो. १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होएल्कर नावाचे इंग्रज कृषिरसायनशास्त्री हिंदुस्थानात आले. त्यांनी ठिकठिकाणी फिरून पाहणी केली व त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी नव्हे, तो आपल्या कामात कुशल आहे, असे त्यांनी लिहिले. परंतु सरपणाच्या टंचाईमुळे शेण गोवऱ्या करून जाळले जाते आणि त्यामुळे शेताचा मोठा तोटा होतो, हे त्यांनी आग्रहाने सांगितले. त्यावर उपाय म्हणून सरपणासाठी झाडे राखावी अशी त्यांची सूचना होती. गोवरी जळाली म्हणजे तिच्यातील नत्र धुरावाटे जाते आणि कुजून काळी माती होण्याजोगा भागही जातो. राख उरते, तीही पुष्कळ घरी रस्त्यावर फेकली जाते.

लीबिग यांनी आणखीही पुष्कळ कामे केली. तान्ह्या मुलांसाठी अन्न, आजाऱ्यांसाठी मांसाचा अर्क, काचेवर चांदीचा मुलामा देऊन आरसे करण्याची रीत, ही त्यांतली काही. सामान्य लोकांस समजतील अशी रसायनशास्त्रावरील पत्रेही त्यांनी लिहिली. ता. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांस सत्तरावे वर्ष पुरे होण्यास थोडेच दिवस उरले होते.

त्यांच्या मागे विद्या थांबली नाही. १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की शेंगांच्या पिकांच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू राहतात व ते हवेतील नत्र धरून झाडास देतात. आपले वडीलधारे ज्वारीपूर्वी हरभऱ्याची किंवा तुरीची बेवड चांगली असे म्हणत, त्याचे मर्म हेच. पुढे हाबर व बॉश यांच्या खटपटीने हवेतील नत्राचे खत कारखान्यात होऊ लागले. असा पहिला मोठा कारखाना १९१३ साली जर्मनीतच सुरू झाला. आता खेडोपाडी युरियाची पोती मिळतात. परंतु पुष्कळ शेतकरी युरियाने पीक हिरवेगार दिसते म्हणून तेवढेच टाकीत राहतात. बांध एका बाजूस उंच होत जातो आणि खचलेली बाजू तशीच राहते. पैसा जातो, पीक वाढत नाही, आणि दोष पावसास किंवा दैवास दिला जातो.

वाचकहो, या चरित्रावरून आम्हांस आपल्या मंडळ्यांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली शेताची. शक्य तेवढे शेण उकिरड्यात जाऊ द्या, आणि उकिरडा उघड्या ढिगाऱ्यावर न ठेविता खड्ड्यात ठेवून मातीने झाका. राख, पालापाचोळा, जनावरांचे मूत शोषलेला केरकचरा वाया जाऊ देऊ नका. धनगरांचे कळप येतात तेव्हा शेतात मेंढ्या बसवा. एखाद्या वर्षी ताग पेरून तो गाडा. मातीचा नमुना तपासून घ्या. २०१५ सालापासून सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना चालू केली आहे, तिच्यात आपल्या शेताचा सामू किती, नत्र, स्फुरद, पालाश किती, हे लिहून मिळते. ज्यास वाचता येत नाही त्यास गावच्या उपदेशकाने ती पत्रिका वाचून दाखवावी. हेही सेवेचेच काम आहे.

दुसरी गोष्ट शिकविणाऱ्यांची. जो चार लोकांस काही सांगतो, मग तो अध्यापक असो, उपदेशक असो की पंच असो, त्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान होते. लीबिग यांच्या शब्दावर शेतकऱ्यांनी पैसे घातले व ते बुडाले. आपले चुकले हे ध्यानात आल्यावर गप्प राहणे सोपे असते, आणि लोकही कालांतराने विसरतात. परंतु जो गप्प राहतो त्याची चूक दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात उगवत राहते. लीबिग यांनी सतरा वर्षांनी का होईना, ती मुळासकट उपटून लोकांस दाखविली. भूमीचे जे घेतले ते भूमीस परत करावे, असे ते जन्मभर सांगत आले; शेवटी लोकांचे जे देणे होते तेही त्यांनी फेडले. पुढची सुगी संपून मंडळी पारावर बसतील आणि जमीन थकल्याचे बोलणे निघेल, तेव्हा आपण आपल्या शेतास या वर्षी काय परत दिले, हे प्रत्येकाने आधी मनाशी मोजावे.